खेळाडूचा दुसरा डाव

वाचकहो, पस्तिसाव्या वर्षी डॉक्टरच्या दवाखान्यात रुग्ण नुकते कुठे विश्वासाने येऊ लागतात. वकिलाला याच वयात स्वतःचे पक्षकार मिळू लागतात आणि गांधीबागेतील कापडाच्या पेढीवर मुलाला वडिलांच्या शेजारी गादीवर बसण्याचा मान मिळतो. खेळाडूला मात्र याच वयात सारे जण एकच प्रश्न विचारू लागतात, ‘निवृत्ती केव्हा?’ ज्या शरीराच्या बळावर त्याने नाव मिळवले, तेच शरीर आधी कुरकुर करू लागते आणि एके दिवशी साफ नकार देते. त्यानंतर उरलेले तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य त्याने कसे जगायचे, याविषयी आपण फारसे बोलत नाही.

हा प्रश्न केवळ नामवंत खेळाडूंचा नाही. सोळा वर्षांखालील संघात निवड न झालेला शेजारचा मुलगा, लग्नानंतर खो-खो सुटलेली सून, गुडघेदुखीमुळे बॅडमिंटन बंद केलेले गृहस्थ ही सारी आपापल्या परीने निवृत्त झालेली खेळाडू माणसे आहेत. त्यांच्या आरोग्याचा धागा नेमका याच वळणावर तुटतो. हे वळण नीट कसे घ्यावे, हे समजून घेण्यासाठी नागपूरकरांना दूर जावे लागणार नाही. आपल्या विदर्भाच्या क्रिकेट संघाला पहिला रणजी करंडक मिळवून देणारे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांची कारकीर्द त्यासाठी पुरेशी आहे.

यष्टीमागून पाहिलेला खेळ

पंडित मुंबईचे. जन्म १९६१चा. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली ते घडले. यष्टिरक्षक आणि फलंदाज अशी त्यांची दुहेरी ओळख होती. १९८६मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे त्यांनी कसोटी पदार्पण केले, तेही केवळ फलंदाज म्हणून; कारण यष्टिरक्षणाची जबाबदारी किरण मोरे यांच्याकडे होती. १९८७च्या विश्वचषकात वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध झालेल्या उपांत्य सामन्यातही ते भारतीय संघात होते. १९८६ ते १९९२ या काळात त्यांच्या वाट्याला ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने आले. देशांतर्गत क्रिकेटमध्ये आठ हजारांहून अधिक धावा करणाऱ्या खेळाडूच्या मानाने हा हिशेब तोकडाच म्हणावा लागेल.

एक वैद्य म्हणून मला यष्टिरक्षकाच्या शरीराविषयी विशेष कुतूहल वाटते. पूर्ण दिवसाच्या खेळात साधारण ९० षटके टाकली जातात, म्हणजे ५४० चेंडू. प्रत्येक चेंडूला यष्टिरक्षक उकिडवा बसतो आणि उठतो. दिवसाकाठी या ५४० उठाबशा झाल्या, आणि त्याही पायांना पॅड बांधून, उन्हात, एकाग्रता ढळू न देता. उकिडवे बसताना गुडघ्याच्या वाटीवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. शिवाय चेंडूचा मार बोटांच्या टोकांवर बसतो तो वेगळाच. अनेक जुन्या यष्टिरक्षकांच्या बोटांचे सांधे वाकडे दिसतात, ते त्यामुळेच.

परंतु याच जागेचा एक मोठा लाभही आहे. मैदानावरील अकरा जणांपैकी प्रत्येक चेंडू समोरून पाहणारा यष्टिरक्षक हा एकटाच. गोलंदाजाचे मनगट, फलंदाजाचे पाऊल, क्षेत्ररक्षकांच्या जागा हे सर्व त्याला एका दृष्टिक्षेपात दिसते. गुडघे झिजत असतात, तेव्हा त्याची नजर तयार होत असते. पुढे गुडघे थकतात. नजर मात्र थकत नाही. खेळाडूचा प्रशिक्षक होतो म्हणजे काय, याचे उत्तर मला इथे सापडते. शरीराने मोजलेल्या किमतीतून जी समज मिळाली, ती दुसऱ्यांच्या कामी लावणे हाच त्याचा दुसरा डाव.

हरलेल्या मैदानांचा हिशेब

कारकिर्दीच्या उत्तरार्धात पंडित मध्य प्रदेशाकडून खेळू लागले. १९९८-९९च्या हंगामात त्यांच्या नेतृत्वाखाली हा संघ रणजीच्या अंतिम सामन्यात पोहोचला. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकविरुद्ध मध्य प्रदेशाने पहिल्या डावात ७५ धावांची आघाडीही घेतली होती. तरीही शेवटच्या दिवशी डाव कोसळला आणि ९६ धावांनी पराभव झाला.

खेळणे थांबल्यावर ते प्रशिक्षक झाले. मुंबईने २००२-०३ आणि २००३-०४ असे लागोपाठ दोन रणजी करंडक त्यांच्या मार्गदर्शनाखाली जिंकले आणि २०१५-१६मध्ये आणखी एक. पुढच्याच हंगामात, जानेवारी २०१७मध्ये, इंदूरच्या होळकर मैदानावर मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली. त्यानंतर पंडित मुंबईचे प्रशिक्षक राहिले नाहीत. पंचावन्न वर्षांच्या माणसाला, घरच्याच संघातून, हा अनुभव किती जड गेला असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

त्याच वर्षी ते नागपूरला आले. विदर्भाचा संघ १९५७-५८पासून रणजी करंडकात खेळत होता. त्या साठ वर्षांत एकदाही अंतिम सामना त्याच्या वाट्याला आला नव्हता. संघाचा कर्णधार फैज फजल, सोबत अनुभवी वसीम जाफर, गोलंदाजांना घडवायला भारताचे माजी वेगवान गोलंदाज सुब्रतो बॅनर्जी, आणि बाकी बहुतेक आपली विदर्भातलीच मुले. त्यांतला रजनीश गुरबानी हा नागपुरात स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी पूर्ण करून मग क्रिकेटकडे वळलेला तरुण. डिसेंबर २०१७मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर बलाढ्य कर्नाटकला विदर्भाने उपांत्य सामन्यात अवघ्या ५ धावांनी हरवले. दुसऱ्या डावात गुरबानीने ७ बळी घेतले. अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने हॅट्ट्रिक साधली, अक्षय वाडकरने शतक झळकावले आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ ९ गडी राखून विजेता ठरला. मैदान तेच, इंदूरचे होळकर. वर्षभरापूर्वी याच मैदानावर पंडितांच्या हातून करंडक निसटला होता.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१९मध्ये, जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला ७८ धावांनी नमवून विदर्भाने करंडक राखला. आदित्य सरवटेने त्या सामन्यात ११ बळी घेतले. आणि २०२२च्या जूनमध्ये एक वर्तुळ पूर्ण झाले. पंडित आता मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक होते. समोर मुंबई होती आणि मैदान होते बंगळूरचे चिन्नास्वामी. मध्य प्रदेशाने ६ गडी राखून पहिला रणजी करंडक जिंकला. कर्णधार म्हणून जिथे हार पत्करली, तिथेच तेवीस वर्षांनी प्रशिक्षक म्हणून जिंकताना त्यांचे डोळे भरून आलेले साऱ्या देशाने पाहिले.

या कथेतील करंडकांपेक्षा मधल्या तेवीस वर्षांकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. एवढा काळ माणूस पराभव मनात बाळगूनही खंगला नाही, याचे कारण त्याला रोज सकाळी उठून जाण्यासाठी एक मैदान होते आणि त्याच्या ज्ञानाची गरज असलेली मुले होती. आरोग्याच्या भाषेत याला ‘प्रयोजन’ म्हणता येईल. प्रयोजन असलेल्या माणसाची झोप, भूक, हालचाल आणि माणसांत मिसळणे ही सारी आपोआप जागेवर राहतात. ते हरवले की औषधांच्या पट्ट्या वाढू लागतात.

मोठा खेळाडू आणि मोठा प्रशिक्षक

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. उत्तम प्रशिक्षक व्हायला आधी थोर खेळाडू असावे लागते, असे पुष्कळांना वाटते. कॅनडात आपल्या क्रिकेटसारखीच लोकप्रिय असलेली बर्फावरची हॉकी याविषयी बोलके उदाहरण देते. वेन ग्रेट्झ्की हा त्या खेळातील सर्वश्रेष्ठ खेळाडू मानला जातो. निवृत्तीनंतर तो २००५ ते २००९ अशी चार वर्षे फिनिक्सच्या संघाचा प्रशिक्षक होता. पण त्याचा संघ एकदाही बाद फेरीपर्यंत पोहोचला नाही. याउलट स्कॉटी बोमन यांचे खेळणे ऐन तारुण्यात, ज्युनियर स्तरावरच, डोक्याला झालेल्या दुखापतीमुळे संपले. त्याच बोमन यांनी पुढे प्रशिक्षक म्हणून तीन वेगवेगळ्या संघांना मिळून नऊ वेळा स्टॅन्ली चषक जिंकून दिला.

असे का होत असावे? ज्याला एखादी गोष्ट निसर्गतःच येते, त्याला ती कशी येते हे सांगता येईलच असे नाही. ज्याला ती धडपडून शिकावी लागली, त्याला प्रत्येक पायरी ठाऊक असते. आपल्याकडे आचरेकर सर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे आणि चंद्रकांत पंडित हे त्यांचे शिष्य. एक सामना खेळलेले गुरू आणि पाच कसोटी खेळलेला शिष्य. दोघांचेही खरे कर्तृत्व दुसऱ्या डावातले. २०२४-२५मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक होते विदर्भाचेच माजी खेळाडू उस्मान घनी, आणि कर्णधार होता अक्षय वाडकर, २०१८च्या त्या अंतिम सामन्यातला शतकवीर. ज्ञान असे एका पिढीच्या हातून दुसरीच्या हाती जात राहते.

म्हणून आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी जिल्हा संघापर्यंतच पोहोचली, तर ‘इतकी वर्षे वाया गेली’ हे वाक्य कृपया उच्चारू नका. ती वर्षे मुलाच्या हाडांत, स्नायूंत, हृदयात आणि समजुतीत जमा झालेली असतात. त्यांचे पुढे काय करायचे, एवढाच प्रश्न असतो.

खेळ अचानक थांबतो तेव्हा

आता थोडे शरीरशास्त्र पाहू. नियमित खेळणाऱ्या माणसाने खेळ एकदम बंद केला, तर हृदय आणि फुप्फुसांची कमावलेली क्षमता दोन ते चार आठवड्यांतच उतरणीला लागते. स्नायूंची ताकद त्याहून सावकाश कमी होते. भूक मात्र जुन्या सवयीने तेवढीच राहते. रोज दोन तास मैदानावर घाम गाळणाऱ्याचे ताट आणि आता दुकानात बसून राहणाऱ्याचे ताट एकच असेल, तर पोटाचा घेर वाढणारच. त्यात आपल्या नागपुरी खाण्यातली तर्री, समोसे आणि संत्रा बर्फी यांची भर पडते. तिशीनंतर, व्यायाम नसेल तर, दर दशकात सुमारे ३ ते ८ टक्के स्नायू घटतात. स्नायू हे रक्तातील साखर वापरणारे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. ते घटले की मधुमेहाचा धोका वाढतो. एकेकाळचे कबड्डीपटू पंचेचाळिशीत रक्तदाब आणि साखर घेऊन दवाखान्यात येतात, तेव्हा ‘मी तर खेळाडू होतो’ हे वाक्य हमखास ऐकू येते. जुना व्यायाम बँकेतील मुदत ठेवीसारखा आयुष्यभर व्याज देत नाही. त्याचा हप्ता रोज भरावा लागतो.

मनाचे काय? वर्षानुवर्षे ज्याची ओळख ‘गोलंदाज’ अशीच होती, त्याची ओळखच जाते. झोप उडणे, चिडचिड, मित्रांना टाळणे, मैदानाच्या रस्त्याने जाणे टाळणे ही लक्षणे घरच्यांना आळस वाटतात. पुष्कळदा ते दुःख असते. ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, जेवण-झोप बिघडली किंवा ‘आता काही उरले नाही’ अशी भाषा सुरू झाली, तर विनासंकोच डॉक्टरांचा किंवा मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्या. जीव नकोसा झाल्याचे मूल बोलले, तर दोन आठवडे थांबू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एक सतरा वर्षांचा वेगवान गोलंदाज कंबरदुखी घेऊन माझ्याकडे आला होता. गोलंदाजी टाकताना पाठ मागे वाकली की कळ यायची. अस्थिरोगतज्ज्ञांकडे तपासणी झाली. कमरेच्या मणक्याला सूक्ष्म तडा होता. काही महिने गोलंदाजी पूर्ण बंद ठेवावी लागणार होती. आई म्हणाली, “डॉक्टरसाहेब, मणका तर भरून येईल हो, पण हा पोरगा दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपून राहतो, त्याचं काय करू?” तिने खरा आजार ओळखला होता. त्याच्या प्रशिक्षकांशी बोलणे झाले आणि त्यांनी एक साधी गोष्ट केली. दर सकाळी गुणलेखनाची वही घेऊन त्याला मैदानावर बसवले आणि बारा वर्षांच्या मुलांचे चेंडू कुठे पडतात, याची नोंद ठेवायला सांगितली. महिनाभरात तो जेवू लागला, हसू लागला. मणका भरल्यावर तो हळूहळू गोलंदाजीकडे परतला. मोठा खेळाडू होईल की नाही, हे काळ ठरवील. पण लहान मुलांच्या चुका त्याला अचूक दिसतात, असे प्रशिक्षक सांगत होते.

शिस्त कोणती, जाच कोणता

पंडित हे कडक शिस्तीचे प्रशिक्षक म्हणून ओळखले जातात. पुढे आयपीएलमध्ये ते कोलकात्याच्या संघाचे प्रशिक्षक झाले. त्या संघातून खेळलेल्या डेव्हिड वीज यांनी, परदेशी खेळाडूंना ही लष्करी धाटणीची शिस्त रुचली नव्हती, असे जाहीरपणे सांगितले होते. २०२४मध्ये तोच संघ विजेताही ठरला. तेव्हा शिस्त चांगली की वाईट, याचा निकाल केवळ करंडकावरून लावता येत नाही. प्रौढ, कसलेल्या व्यावसायिकांना जे चालते, ते बारा वर्षांच्या मुलाला चालेलच असेही नाही.

वैद्यकीय दृष्टीने मी शिस्तीची दोन भागांत वाटणी करतो. वेळेवर झोपणे, वेळेवर मैदानावर येणे, खेळाआधी अंग मोकळे करणे, पाणी पिणे, आहार सांभाळणे या शिस्तीने शरीर घडते. ती कितीही कडक असली तरी हितकारक आहे. परंतु दुखणे लपवायला लावणारी, वजनावरून किंवा शरीरावरून सर्वांसमक्ष टोमणे मारणारी, उन्हात पाणी न देता पळवणारी शिस्त म्हणजे निव्वळ जाच होय. आपल्या मुलाचे प्रशिक्षक कोणत्या प्रकारचे आहेत, हे ओळखण्यासाठी मुलाला एकच प्रश्न विचारा, ‘काही दुखलं तर तू सरांना सांगू शकतोस का?’ उत्तर द्यायला तो अडखळला, तर पालकांनी प्रशिक्षकांना भेटायची वेळ झाली आहे.

घरातील बालखेळाडूसाठी

आपल्याकडे रेशीमबाग मैदानापासून चिटणीस पार्कपर्यंत उन्हाळी शिबिरांची रेलचेल असते. त्या संदर्भात पालकांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, विश्रांती. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षातून दोन-तीन महिने त्या एका खेळापासून आराम, असा सल्ला बालरोगतज्ज्ञ देतात. आठवड्याचे सरावाचे एकूण तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून जास्त नसावेत, हा लक्षात ठेवायला सोपा नियम. बारा वर्षांच्या मुलाला आठवड्याला बारा तास पुरेसे झाले.

दुसरी गोष्ट, घाई नको. दहाव्या वर्षापासून एकच खेळ केला नाही तर मूल मागे पडेल, ही भीती अनाठायी आहे. नागपूरजवळच्या कोळसा खाणीच्या वस्तीत वाढलेल्या उमेश यादवने विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस चेंडूनेच गोलंदाजी केली होती. २००८मध्ये तो रणजी खेळला आणि २०११मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. लहानपणी पोहणे, धावणे, कबड्डी, खो-खो असे वेगवेगळे खेळ खेळल्याने शरीराच्या सर्व भागांना काम मिळते आणि एकाच सांध्यावर ताण पडत नाही.

तिसरी गोष्ट, दुखण्याची भाषा. सरावानंतर स्नायू दुखणे स्वाभाविक आहे. ते दोन-तीन दिवसांत जाते. परंतु दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी पाठदुखी, सांध्यावरची सूज, लंगडणे, रात्री झोपेतून उठवणारी कळ किंवा पायाला मुंग्या येणे ही लक्षणे दिसली तर सराव थांबवून तपासणी करावी. वाढत्या वयातील हाडांच्या टोकांशी वाढीची नाजूक चकती असते. तिला इजा झाल्यास पुढे त्रास राहू शकतो. वेदनाशामक गोळी देऊन मुलाला सामन्याला पाठवणे अत्यंत अयोग्य. खेळताना छातीत दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे, किंवा कुटुंबात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय मैदानावर पाठवू नका.

चौथी गोष्ट, ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. सराव पहाटे सुरू होऊन साडेआठच्या आत संपला पाहिजे. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी. घाम फार येत असेल तर मीठ-साखर-लिंबाचे पाणी किंवा ताक. डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे ही पहिली सूचना. मूल असंबद्ध बोलू लागले किंवा त्याची शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतत, वारा घालत, तत्काळ रुग्णालय गाठावे.

चाळिशीनंतरचा आपला डाव

शेवटी वाचकहो, आपल्याविषयी. वसीम जाफरने मार्च २०१८मध्ये इराणी करंडकाच्या सामन्यात विदर्भाकडून २८६ धावा केल्या, तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. तेवढे आपल्याकडून कोणी मागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा फार साधी आहे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालावे. आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. पासष्टीनंतर त्यात तोल सांभाळण्याच्या व्यायामांची भर घालावी.

बरीच वर्षे खंड पडला असेल, तर आधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या आणि छातीत दुखणे किंवा धाप लागणे असेल तर डॉक्टरांचा सल्ला घेतल्याखेरीज सुरुवात करू नका. पहिला महिना केवळ चालण्याचा. विसाव्या वर्षीच्या वेगाने पळायला गेलात तर पोटरीचा स्नायू पहिल्याच दिवशी आठवण करून देईल. गुडघे तक्रार करत असतील तर उकिडवे बसणे टाळा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला पाठ टेकून अर्धे वाकणे, अशा व्यायामांनी मांडीचे स्नायू बळकट होतात आणि गुडघ्यावरचा भार हलका होतो.

आणि एक औषध मी चिठ्ठीवर आवर्जून लिहितो. ज्यांनी कधीकाळी कोणताही खेळ खेळला आहे, त्यांनी आठवड्यातून दोन सकाळी मुलांना तो शिकवावा. त्यासाठी पदवी लागत नाही. कबड्डीची पकड, खो-खोतला खांबावरचा वळसा, कॅरमचा पाठीमागचा फटका, काहीही चालेल. शिकवताना चालणे होते, वाकणे होते, आवाज मोकळा होतो, नवी नावे लक्षात ठेवावी लागतात आणि कोणीतरी आपली वाट पाहत असते. साठीच्या माणसाला याहून स्वस्त आणि निर्धोक टॉनिक मला माहीत नाही. घरातील आजी-आजोबांना येत्या रविवारी नातवंडांसोबत मैदानावर न्या, आणि त्यांना बाकावर बसवून न ठेवता त्यांच्या हाती चेंडू द्या.